अकरा होकार

ग्राहक तक्रार कार्यालयात मोबाइलच्या भांडणांसाठी वेगळी खोली होती. खोली कसली, दोन कपाटांमधली फट. त्या फटीत एक टेबल, तीन खुर्च्या, एक दमेकरी संगणक आणि कानसेन. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं म्हणतात, तसा हा झाला होता. कंपन्या कराराचा पुरावा म्हणून फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पाठवायच्या, आणि ते डोळे मिटून ऐकायचं हेच त्याचं काम. पंधरा वर्षं ऐकून ऐकून त्याचे कान असे झाले होते, की माणूस फोनवर बसून बोलतोय की उभ्याने, तेसुद्धा तो सांगायचा.

आज समोर सुईणबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शेजारी कंपनीवाला, इस्त्रीच्या शर्टात.

"काय हवंय ते एका वाक्यात सांगा," कानसेन म्हणाला.

"माझा नंबर घेऊन मला दुसऱ्या कंपनीत जायचंय. हे जाऊ देत नाहीत."

"नवा नंबर का नको?"

"साहेब, बावीस वर्षं तोच आहे. कुणाच्या दाराआड पेन्सिलीनं लिहिलाय, कुणाच्या फळीच्या कडेला. आयांनी लेकींना दिलाय, लेकींनी नणंदांना. मी कुठे कुठे सांगत फिरू? आणि पोटातलं लेकरू काही 'बाईंचा नंबर बदलला का हो' असं विचारून निघत नाही."

कानसेनला हसू आलं, ते त्याने मिशीत ठेवलं. "मग आहे त्या कंपनीत काय वाईट?"

"ह्यांनी टॉवर हलवला. घरात रेंज नाही, गल्लीत नाही. गेल्या महिन्यात एकीनं चौदा वेळा फोन लावला. शेवटी जिन्यात बाळंत झाली बिचारी. वाचली, दोघंही वाचली. पण दर खेपेला देव जिन्यात बसलेला नसतो."

"त्याचं वाईट वाटतं," कंपनीवाला म्हणाला, आणि खरंच वाटत असावं, "पण दोन वर्षांचा करार आहे, साहेब. अजून सव्वा वर्ष बाकी. बाईंनी स्वतः फोनवर होकार दिलाय. एकदा नाही, अकरा वेळा."

"अकरा?" कानसेनने डोळे उघडले. "लोक लग्नाला एकदा हो म्हणून जन्मभर पुरवतात. ह्यांना अकरा कशाला लागले?"

"मला असा फोन आल्याचंच आठवत नाही," सुईणबाई म्हणाल्या.

कानसेनने हेडफोन चढवला. दोन मिनिटांचा तुकडा होता. कंपनीची एक मुलगी भरभर बोलत होती, शेंगा सोलाव्यात तशी. मधे मधे सुईणबाईंचा आवाज, लांबून आल्यासारखा: हो... हो... असंच... हो, येऊ दे.

"ऐकलंत ना? 'येऊ दे' पण म्हणाल्यात," कंपनीवाला म्हणाला.

कानसेनने हाताने त्याला गप्प केलं. त्याने कागद ओढला. मुलीच्या प्रश्नाला एक रेघ, बाईंच्या होकाराला एक टिंब. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. रेघेपाठोपाठ टिंब यायला हवं, ते येत नव्हतं. मुलगी "आपल्याला ही मुदत मा..." एवढंच म्हणते न म्हणते तोच बाई हो म्हणून मोकळ्या. दुसरीकडे प्रश्न संपून किती वेळ झाला, मुलगी वाट बघतेय, आणि बाई गप्प. टिंबं आधी लांब लांब होती, मग जवळ जवळ, मग अगदी खेटून. उतारावरून कुणी धावत यावं तशी.

त्याला मोठं नवल वाटलं. पंधरा वर्षांत त्याने रागाचे होकार ऐकले होते, झोपेतले ऐकले होते, सुटका व्हावी म्हणून दिलेले ऐकले होते. चालीत बसलेला होकार पहिल्यांदाच ऐकत होता.

"बाई, तुमचे होकार प्रश्नावर पडत नाहीत. दुसऱ्याच कशावर तरी पडतायत. कशावर?"

त्याने हेडफोनची वायर उपसली. आवाज खोलीभर झाला. सुईणबाई मान कलती करून ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात पिशवीवरून उठला आणि टेबलावर गोल फिरू लागला.

"अगं बाई. ही तर बेकरीवाल्यांची सून."

"कोण, ही बोलणारी?"

"नाही हो. मागे कण्हतेय ती."

कानसेन आणि कंपनीवाला दोघेही पुढे वाकले. कण्हणं होतं खरं. मुलीच्या भरभर बोलण्याखाली, गादीखाली किल्ली असावी तसं.

"पायाळू होतं तिचं," बाई म्हणाल्या. "आधी पाय आले. मी तिला हो म्हणतेय, साहेब. कळ आली की हो म्हणायचं. गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसा. हुंकार थांबला की सांगणाऱ्याचा धीर सुटतो. कळा देणारीचंही तसंच असतं."

"फोन चालू ठेवून?" कंपनीवाला म्हणाला.

"माझे हात कुठे होते ते सांगू का, दादा?"

"नको."

"गाडीवाल्याला बोलावलं होतं, त्याचाच फोन असेल म्हणून सासूनं उचलून फळीवर ठेवला असेल. मला ठाऊक पण नाही."

"हे झालं त्यांचं म्हणणं," कंपनीवाला कानसेनकडे वळला. "पुरावा काय?"

"तुमच्याचकडे आहे. हा तुकडा कापलेला आहे. सगळं रेकॉर्डिंग मागवा."

"वेळ लागेल."

"मी साडेपाचपर्यंत इथेच असतो. मला कुठे टॉवर हलवायचाय."

अर्ध्या तासाने ते आलं. येऊ दे, येऊ दे, हो. मग काहीच नाही. मुलगीसुद्धा बोलायची थांबलेली. मग बारीक, चिरका, नवाकोरा टाहो. आणि त्या मुलीचा आवाज, आता अजिबात भरभर नाही: "हॅलो? बाई... बाळ रडतंय का तिकडे?" कुणी उत्तर दिलं नाही. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "अभिनंदन हं," आणि फोन ठेवला.

कंपनीवाला टेबलाकडे बघत राहिला. "त्या मुलीनं करार केलेला नाही, साहेब. यंत्र मोजतं. तीन होकार झाले की करार आपोआप लागतो."

"यंत्राला कळा येत नाहीत, त्याचा काय दोष," सुईणबाई म्हणाल्या.

कानसेन निकाल लिहायला बसला. होकार प्रश्न विचारणारीला दिलेला नव्हता, सबब करार झालेला नाही, नंबर मोकळा करावा. इथवर पेन सरसर चाललं. मग अडलं.

"होकार कशाचा होता तेही लिहावं लागतं. काय लिहू?"

बाईंनी थोडा विचार केला. "सोबतीचा लिहा."

त्याने तसंच लिहिलं. सरकारी कागदावर तो शब्द पाहुण्यासारखा जरा अवघडून बसला.

"नंबर सुटायला सात दिवस लागतात," कंपनीवाला म्हणाला, आणि बाई काही बोलायच्या आत स्वतःच उठून फोन लावत बाहेर गेला. त्याचा आवाज बराच वेळ चढत उतरत राहिला.

"साहेब, ते शेवटचं पुन्हा लावता?" सुईणबाई म्हणाल्या.

त्याने लावलं. बाळ रडलं.

"त्या दिवशी मला हे ऐकू आलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "नाळ गळ्याभोवती होती. माझे कान तेव्हा बोटांत होते."

कानसेनने आपल्या बोटांकडे पाहिलं.

कंपनीवाला आत आला. कपाळ पुसत म्हणाला, "सहापर्यंत सुटेल. आजच."

सुईणबाई पिशवी घेऊन उठल्या. "मग मी नव्या कंपनीच्या दुकानात जाऊनच बसते. नंबर सुटला की तिथूनच एकीला फोन लावायचाय. तिचे दिवस भरलेत. दोन दिवस माझा फोन लावत बसली असेल, वेडी."