बॉल माझ्याच पायाशी होता

माझी सून पोरींना फुटबॉल शिकवते. शिकवते म्हणजे मागे सरकायला शिकवते. मैदानाच्या बाकावर बसून मी या डोळ्यांनी पाहिलंय. समोरच्या संघातली पोर बॉल घेऊन येते आणि माझी हाडापेराने दणकट नात तिच्यापुढे गुडघे वाकवून मागे मागे जाते. बॉल हातभर लांब, तरी ही घेत नाही.

"अगं, घे की तो," मी म्हणाले.

"तसं नसतं, आई," सून म्हणाली. "पाय घातला की समोरची चकवून जाते. आपण वाट अडवायची आणि तिला कडेला न्यायचं."

मी चार जावांच्या घरात संसार केलाय. मागे सरकले असते तर स्वयंपाकघरात उभं राहायला जागा मिळाली नसती. घरी नातीला बजावलं, "बॉल दिसला की तुटून पड. आईचं राहू दे."

शनिवारी पोर तुटून पडली. दर खेपेला समोरची वळसा घालून निघून गेली. सुनेने शिट्टी वाजवली आणि पोटच्या पोरीला रविवारच्या सामन्यातून काढलं. घरी आल्यावर पोर भिंतीकडे तोंड करून बसली.

"माझा राग तिच्यावर कशाला?" मी सुनेला विचारलं.

 तिने आम्हा दोघींना मागच्या अंगणात नेलं आणि बॉल माझ्या पायाशी ठेवला. "आई, दारापर्यंत न्या." मग लेकीला म्हणाली, "पाय न घालता अडवलंस, तर उद्या खेळशील."

मी कंबर कसली. उजवीकडे गेले, तर पोर पुढ्यात. डावीकडे मोकळं होतं, म्हणून डावीकडे गेले. पुन्हा डावीकडेच मोकळं. बॉलला तिने शिवलंसुद्धा नाही. आणि माझा खांदा भिंतीला लागला. दार पार त्या टोकाला.

"आता कुठे जाशील, आजी?"

"बॉल माझ्याकडेच आहे," मी म्हणाले.

"असू दे की," सून म्हणाली.

रविवारी नात खेळली. मी बाकावर बसले. कोणी माझं काही हिसकावलं नाही, मग हरले कशी, तेच कळेना. सुनेकडे बघत राहिले. ही बाई घरात आल्यापासून माझ्याशी एकदाही भांडली नाही, मागेच सरकत आली. किल्ल्या अजून माझ्याच कमरेला आहेत. मग मी इथे कडेला कधी येऊन बसले?