धाकटीवर नसलेला आवाज

"बटण, आज बासरी जरा मोठी ठेव," ताईने माइकमधूनच सांगितलं. "आणि मला उगाच चढवू नकोस."

"नाही गं," तिचा भाऊ मागून म्हणाला. त्याचा हात मात्र मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या नेमक्या त्याच सरकत्या पट्टीवर गेला, जिच्याबद्दल तो आत्ता खोटं बोलला होता.

बटण हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एके काळी ताईच्या मागे वादकांचा चांगला ताफा असायचा. मग व्हायोलिनवाल्याने परगावी बिऱ्हाड हलवलं, बासरीवाल्याचे दात गेले, अकॉर्डियनवाल्याने दुकान थाटलं. जाण्याआधी भावाने एकेकाला बसवून त्याचं वाजवणं रेकॉर्ड करून घेतलं. आता रंगमंचावर ताई आणि एक तबलजी, बाकी सगळी मंडळी लॅपटॉपमध्ये. बटण दाबायचं काम भावाचं, म्हणून तो बटण.

पन्नाशी उलटली तरी हे बटण दाबताना त्याला अजून गुंगी चढल्यासारखं व्हायचं. दुपारच्या प्रयोगाला सभागृहाचे पडदे ओढले की त्याला वाटायचं, ती सगळी माणसं विंगेतून पाय न वाजवता येतात आणि आपापल्या खुर्चीवर बसतात. बासरीवाल्याचे दातसुद्धा परत आलेले असतात. सगळ्यात शेवटी ती येते, तिशीतली ताई. वादकांना चाल कळावी म्हणून तेव्हा तिने गाणी गाऊन रेकॉर्ड करून ठेवली होती. पुढे वरच्या स्वरांवर ताईचा आवाज चिरकू लागला, तेव्हा बटणने त्या जुन्या आवाजाची पट्टी केसभर वर सरकवली. मग आणखी केसभर. तो आवाज ताईच्या आवाजात असा विरघळायचा की कुणाला पत्ताच लागायचा नाही. ताईलाही नाही, अशी त्याची खात्री होती.

बाकी कामात त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. वायरी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट, आणि लॅपटॉपला इंटरनेटचा वाराही लागू द्यायचा नाही. शिवाय लॅपटॉप दोन, त्यांना तो थोरली आणि धाकटी म्हणायचा. दोघींवर एकच गाणं बरोबरीने चालायचं. थोरली अडली तर मधला खटका दाबायचा, आवाज धाकटीतून सुरू. फक्त तो एक आवाज त्याने धाकटीवर कधी चढवला नव्हता. धाकटी इतर कार्यक्रमांनाही जायची, परक्या हातात पडायची. कुणी ऐकलं असतं तर ताईची अब्रू गेली असती.

तिसऱ्या गाण्यात, वर चढायची ओळ तोंडावर आली असताना, थोरलीचा पडदा गोठला. सवयीने त्याचा हात खटक्यावर गेला. बासरी तुटली नाही, व्हायोलिन तुटलं नाही. स्वतःला शाबासकी देणार तोच त्याला आठवलं, तो एक आवाज धाकटीवर नव्हता.

ताई एकटी पडली होती.

तिने श्वास घेतला. ती वर गेलीच नाही. ओळ तिने खालच्या अंगाने घेतली. आवाज भरड होता, मध्ये थरथरला, पण उभा राहिला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली. टाळ्या पडल्या, पण विरळ. बटणला त्या गालावर बसल्यासारख्या लागल्या.

मध्यंतरात ताई पाण्याची बाटली घेऊन त्याच्यापाशी आली.

"ती कुठे गेली रे?"

"कोण?"

"सोंग करू नकोस. माझ्याबरोबर गात असते ती."

"तुला माहीत होतं?"

"माझाच आवाज, मला कळणार नाही? पहिल्या दिवशी असा राग आला होता! मागे वळून पाहिलं, तर तू डोळे मिटून ऐकत बसलेलास. म्हटलं, ऐकू दे पोराला."

"लोकांना काय वाटलं असेल गं आज?"

"म्हातारी दिसली, म्हातारीच ऐकू आली. फसवलं तर नाही ना कुणाला?" ती हसली. "थोरली झाली सुरू?"

"झाली."

"मग बघ बाबा तू. मी काही आता वर जायची नाही. तिला पाठवायचं असेल तर एकटीला पाठव."

शेवटच्या गाण्यात पुन्हा वर चढायची जागा आली. बटणचं बोट पट्टीवर होतं. एवढंसं सरकवलं असतं तर सभागृहभर ती उभी राहिली असती, तशीच, तिशीतली. त्याला रडू आलं. त्याने पट्टी तळाशी नेली आणि हात मांडीवर ठेवला.

बासरी एकटीच वर गेली. ताई तोंड मिटून, मान किंचित कलती करून ती ऐकत राहिली, आणि बासरी उतरल्यावर तिने पुढची ओळ खालून उचलली. थोरलीच्या पडद्यावर तिशीतल्या आवाजाची हिरवी रेघ उंच उसळत होती. सभागृहात मात्र तो आवाज कुठेच नव्हता. गाणं संपेपर्यंत बटण त्या रेघेकडे बघत राहिला.