कोंड्याला विकलेली

मला जन्मल्याबरोबर विकलं होतं, आणि याचा मला केवढा तोरा होता! माझ्या आधीची आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून मी झाले तेव्हा आईनं, झुंबरबाईनं, मला मागच्या दारानं शेजारच्या मुबारकबीच्या पदरात टाकलं आणि बदल्यात सूपभर कोंडा घेतला. कोंड्याला विकली म्हणून नाव कोंडाबाई. पोर दुसऱ्याची झाली की मरण त्या घराकडे फिरकत नाही, अशी आमच्याकडची समजूत. मग मुबारकबीनं मला आईकडे परत दिलं, पण फक्त सांभाळायला. मालकीण तीच.

मोठ्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की मी ते खरं धरलं. धरणारच! जरा पडसं झालं तरी आई भिंतीपलीकडे हाक मारायची, "मुबारकबी, तुमची पोर खोकतीय वं!" ती यायची, कपाळावर हात ठेवायची, "माजी हाय, मीच बघते" म्हणायची आणि मी बरी व्हायचे. गल्लीतल्या बाकीच्या पोरींना एकेकच घर होतं, मला दोन. मुबारकबीचे मालक चांदभाई पिंजारी. त्यांच्या कापसाच्या ढिगात मी लोळले तरी ते रागवत नसत. आपल्या मालावर कोण रागावतं?

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला, निजामाची हद्द हाकेच्या अंतरावर. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तिकडून रझाकार येणार, गावं जाळणार, अशी बोलणी रोज चालायची. माणसं चावडीपुढे कुजबुजत बसायची आणि चांदभाई दिसले की गप्प व्हायची. त्यांच्याकडे गाद्या पिंजायला येईनाशा झाल्या. रझाकार हद्दीपलीकडचे आणि चांदभाई आमच्या गल्लीतले. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते मला कुणी सांगेना.

एकदा आडावर एका परगावच्या बाईनं विचारलं, "कोनाची गं तू?" मी नेहमीसारखं ठणकावून सांगितलं, "मुबारकबीची." बायकांनी भराभर घागरी उचलल्या. संध्याकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला थोबाडीत ठेवून दिली. "बापाचं नाव न्हाई सांगता येत?" ते बाहेर पडल्यावर आई माझा गाल चोळत कानाशी म्हणाली, "कुनीबी इचारलं तरी मुबारकबीचीच सांगायचं. न्हाईतर माजं काय हुईल?" तिचं काय होणार होतं? मार तर मी खाल्ला होता. खरं सांगितलं म्हणून मार, आणि वर तेच पुन्हा सांग म्हणून हुकूम. मी दोघांवरही चिडले.

मग कळलं की मुबारकबी आणि चांदभाई भिंगारला तिच्या भावाकडे निघालेत, कायमचे. मी गुमान माझं परकर-पोलकं फडक्यात बांधलं. आदल्या साली आमची म्हैस विकली, तेव्हा ती नव्या मालकाबरोबर गेलीच होती. मला जायचं नव्हतं. आईशिवाय भिंगारात मी करू काय? पण विकलं ते विकलं. राग एवढ्याचाच आला की मी चालले होते तरी आई माझ्यासाठी रडत नव्हती. ती मुबारकबीसाठी रडत होती.

सकाळी बैलगाडी दारात आली. चांदभाईंनी कापूस पिंजायची धुनकी वर चढवली आणि तिच्या शेजारी मी चढून बसले.

"ए, उतर खाली," दादा म्हणाले.

"मला इकलीय ना?"

गल्ली सगळी जमली होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं. दादांचा चेहरा लालबुंद झाला. "आगं, ते नुसतं म्हनायचं आसतं!"

नुसतं म्हणायचं? मग माझं नाव कोंडाबाई कशाला? मग मी जगले कशी? मी मुबारकबीकडे वळले. "खाला, मी तुमची ना?"

ती दादांकडे बघायला लागली, मग जमलेल्या माणसांकडे. मागे आई हात जोडून उभी होती आणि तिला डोळ्यांनी विनवत होती, हो म्हणा, हो म्हणा. गल्लीतले सहादेवअण्णा काठी टेकत पुढे आले. "सांगा की. कुनाची हाय?"

"माजी न्हाई," मुबारकबी म्हणाली. "त्यांची हाय." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

आई किंचाळली. दादांनी मला उचलून खाली ठेवलं आणि गाडी निघून गेली. मला काही कळेना. मी घरीच राहिले होते, म्हणजे मला हवं तेच झालं होतं. तरी कुणीतरी माझ्याशी खोटं बोललं होतं. आई इतकी वर्षं, नाहीतर मुबारकबी आत्ता. आणि मुबारकबीचं खरं असेल तर मी आता आईचीच, म्हणजे आधीच्या तिघांसारखी मरणार. मला फार भीती वाटली, आणि ती सांगायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला ताप चढला. काढा झाला, अंगारा झाला, काही लागू पडेना. आई सवयीनं भिंतीपलीकडे हाक मारायची आणि तोंडाला पदर लावायची. शेवटी तिनं दादांचे पाय धरले. "भिंगारला जावा. तिच्या तोंडून तेवढं वदवून आना." नुसतं म्हणायचं असतं म्हणून माझ्यावर ओरडलेले दादा उठले. पागोटं बांधलं, आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी खांद्यावर टाकली आणि पायीच निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. दारातूनच म्हणाले, "भेटली. म्हनली, पोर माजीच हाय, नीट सांभाळा."

आई हसत हसत रडायला लागली.

भिंगार म्हणजे बैलगाडीनं जाताना वाटेत दोन मुक्काम. बैलांची वैरण बांधताना चांदभाईच तसं म्हणाले होते. आणि दादांच्या खांद्यावरच्या फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. कुठल्यातरी झाडाखाली रात्र काढून, उपाशीच, ते परत आले होते. ते माझ्याकडे बघेनात. आईला ती वाट खरंच ठाऊक नव्हती की त्या दुपारी ठाऊक करून घ्यायची नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ऐकलंस का गं?" आई डोळे पुसत म्हणाली. "तुजी खाला काय म्हनली, ऐकलंस न्हवं? आता बरं वाटतंय का?"

मी दादांकडे बघितलं. माझं अंग भाजत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "लई बरं वाटतंय."