कोऱ्या डोळ्यांची नवरी

समीक्षाने भिंतीवरच्या नवरीची नथ रंगवून पूर्ण केली, डोळ्यांची जागा कोरीच ठेवली आणि ती स्टुलावरून खाली उतरली. मागे उभ्या असलेल्या राजकुमारने टाळ्या वाजवल्या. त्याच्या कॅमेरावाल्याने इकडून तिकडून फोटो घेतले.

"बस्स! आता हिला हात लावायचा नाही," राजकुमार म्हणाला. "ही अशीच राहणार."

"आज हळद हाय. डोळे नवरी रंगवते," ब्रश धूत समीक्षा म्हणाली. "हे तुमाले सांगून सांगून माहं तोंड दुखलं."

साखरखेर्ड्यात लग्नघराची भिंत रंगवायची ती समीक्षानेच, हे आता ठरूनच गेलं होतं. हत्ती, मोर, तुतारीवाले, दोघांची नावं आणि मधोमध नवरी. मात्र तिची एक रीत होती. नवरीचे डोळे ती स्वतः रंगवत नसे. हळद लागण्याआधी नवरी अंगणात यायची, हातात ब्रश घ्यायची आणि भिंतीवरच्या स्वतःला डोळे द्यायची. कुणाचे तिरळे व्हायचे, कुणाचे बटाट्याएवढे, आणि अंगणभर हशा पिकायचा. समीक्षाला ते वाकडेतिकडे डोळे आपल्या सगळ्या मोरांपेक्षा प्यारे होते.

गेल्या वर्षी दुसरबीडला कुणीतरी हळदीच्या आधीच अशा भिंतीचा फोटो काढला आणि तो मोबाइलवरून कुठल्या कुठे जाऊन पोहोचला. शहरातल्या शहाण्यांना त्यात अर्थ सापडला. डोळे नसलेली नवरी म्हणजे वऱ्हाडातल्या बाईचं दुःख, मुका आक्रोश, आणखी काय काय! वाचून समीक्षा आधी पोट धरून हसली, मग तिचं डोकं फिरलं. ती नवरी तर स्वतःच्या लग्नात चप्पल तुटेस्तोवर नाचली होती. पण ऐकतो कोण? पुण्याहून चित्रांची प्रदर्शनं भरवणारा राजकुमार उगवला, त्याच्या पाठोपाठ एक रंगाची कंपनी आली. मग महामार्गालगतच्या भिंती झाल्या, टीशर्टवर छापलेली कोरी नवरी झाली, आता मोठं प्रदर्शन ठरलं होतं. नाव झालेलं समीक्षालाही आवडलं, नाही असं नाही. पण महामार्गावरच्या त्या नवऱ्यांचे डोळे रंगवायला कुणीच येणार नव्हतं. तिथून जाताना तिला मान वर करावीशी वाटत नसे.

म्हणून छकुलीच्या लग्नाचं काम आलं तेव्हा तिने मनाशी गाठ बांधली होती. इथे रीत मोडू द्यायची नाही.

"ताई, समजून घ्या," राजकुमार आवाज खाली आणून म्हणाला. "डोळे आले की ही नुसती एका लग्नाची भिंत उरते."

"मंग? लग्नाचीच तर हाय."

"प्रदर्शनातून तुमचं नाव काढावं लागेल."

"काढा."

तेवढ्यात छकुलीचे वडील हिंमतराव फेटा सावरत आले. आपल्या घरची भिंत पुण्यात झळकणार म्हटल्यावर त्यांची छाती फुगली होती. धामणगाव बढ्याच्या व्याह्यांना त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं.

"राहू दे ना वं समीक्षा. दोन ठिपक्यांवाचून काय अडून राह्यलं?"

"काका, तो पोरीचा मान हाय. तो तुमालेबी घेता येत नाही अन् मलेबी." आणि पुढे काही ऐकायला न थांबता तिने आत हाक दिली, "काकू, छकुलीले आणा!"

कौशल्याबाई हळदीची वाटी घेऊन बाहेर आल्या. मागून पिवळ्या साडीतली छकुली आली. एरवी नवऱ्या रंगकाम चालू असताना सतरांदा बाहेर येतात, साडी हिरवीच कर, झुमके मोठे कर म्हणून भंडावून सोडतात. ही मात्र आज पहिल्यांदाच भिंतीसमोर येत होती. मधे एकदा खिडकीतून तिने विचारलं होतं, "ताई, डोळे मीच रंगवायचे ना?" समीक्षाला वाटलं, हौस आहे पोरीला.

तिने बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून छकुलीच्या हातात दिला. छकुली स्टुलावर चढली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. ब्रश कोऱ्या जागेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. रंगाचा ओघळ तिच्या मनगटावर आला.

"रंगव वं, लाजू नको!" बायका म्हणाल्या.

छकुली खाली उतरली. ब्रश तिने समीक्षाच्या हातात परत दिला.

"ताई, मले नाही रंगवायचे."

राजकुमार आनंदाने ओरडलाच. "पाहिलंत? नवरीलाच पटलं! चेहरा घे, जवळून घे!" हिंमतरावही खुलले. टाळ्या पडल्या.

समीक्षाचा हात टाळीसाठी उठला नाही. लाजऱ्या पोरींनी डोळे रंगवले होते, रडणाऱ्या पोरींनीही रंगवले होते. आजवर कुणी ब्रश परत दिला नव्हता. राजकुमारवरचा तिचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्याच हट्टापायी आपण या पोरीकडे पाहिलंच नाही, याची तिला लाज वाटली.

"छकुली," तिने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "तुले डोळेच नाही रंगवायचे, का लग्नच नाही करायचं?"

छकुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं.

"लग्न," ती म्हणाली. "बाबाले मी दिवाळीपासून सांगून राह्यली."

टाळ्या थांबल्या.

"बंद कर," राजकुमार कॅमेरावाल्यावर खेकसला. "अरे, बंद कर ते!"

हिंमतराव तरातरा पुढे आले. समीक्षा छकुलीच्या पुढे आडवी उभी राहिली. ती जागची हलली नाही.

"काका, आधी तिचं ऐका."

"तू बाजूले हो!" ते बायकोकडे वळले. "लाव वं हळद. पाहत काय राह्यली?"

कौशल्याबाईंनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग वाटी पदराने झाकून, लेकीचा हात धरून त्या घरात गेल्या. आतून कडी लागली.

समीक्षाने स्टूल उचलून त्या बंद दारासमोर ठेवलं आणि ती त्यावर बसली.