जालन्याचा सायलेन्सर

"आवाज नको मले, मिस्त्री. बाकी तुले वाटंल ते बसव," भगवानराव वाकून म्हणाले. मोटारीखालून हैदर मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते, त्यामुळे बोलणं पायांशीच चाललं होतं.

हैदर बाहेर सरकला, हात पुसले आणि गोणपाटावर ठेवलेल्या दोन सायलेन्सरांकडे पाहत उकिडवा बसला. मोटार विलायती, सत्तेचाळीस सालची. महाराष्ट्र होऊन सात वर्षं झाली होती आणि या गाडीचे सुटे भाग मिळणं त्याच्याही आधी बंद झालं होतं. मुंबईच्या दुकानदाराने पत्राला उत्तर धाडलं होतं, दीड महिना लागेल, तेही भाग मिळाला तर. भगवानरावांना परवा बुलढाण्याला जायचं होतं.

दोन्हींपैकी एक जालन्याच्या भंगारातला. दुसऱ्याच कुठल्या मोटारीचा, पण जाड पत्र्याचा आणि आवाज दबका. मात्र त्याची मागची नळी दीड वीत आखूड होती. धूर गाडीच्या मागे न जाता डिकीखालीच सुटणार होता, आणि डिकीचा पत्रा गंजून त्याला भोकं पडली होती. दुसरा गावच्या कचरू लोहाराने घडवलेला. त्याची नळी चांगली बंपरच्या बाहेर येत होती, पण गाडी सुरू केली की समोरच्याशी ओरडून बोलावं लागे. आखूड नळीला जोड द्यायचा तर गॅसचं वेल्डिंग हवं, आणि ते जालन्यातच होतं.

"कोन कोन बसनार हाय, मालक?"

"मी न् इंद्रभान. दुसरं कोन?" इंद्रभान म्हणजे त्यांचा ड्रायव्हर.

"मंग जालन्याचा बसवतो. पन काचा उघड्या ठेवा. आल्यावर नळीले जोड लावून देतो."

"हाव," म्हणत भगवानराव निघून गेले.

देऊळगाव राजात हैदरचं नाव होतं ते कानासाठी. गाडी वळणावर असतानाच तो सांगायचा, हिचा अमुक व्हॉल्व्ह बसला. नाकाची गोष्ट वेगळी होती. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं, बॅटरीचं तेजाब, वीस वर्षांचा धूर, यांत त्याचं नाक कधी मेलं ते त्यालाही कळलं नाही. एकदा चुलीवरचं दूध करपून कोळसा झालं आणि हा बाजूलाच बसून विडी ओढत राहिला, तेव्हा समजलं. ते त्याची बायको नसीमा सोडून कोणाला माहीत नव्हतं. ज्याला दिसत नाही त्या सोनाराकडे सोनं कोण देईल, एवढा व्यवहार हैदरला कळत होता.

सायलेन्सर बसवून त्याने चिखली रस्त्याने तीन मैल गाडी पळवून आणली. काचा उघड्या, तोंडावर वारा. आवाज असा मऊ की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. धुराचा वास आला नाही. तो त्याला तसाही आला नसता, हे त्याने त्या दिवशी मनात येऊ दिलं नाही. मी त्याची बाजू घेत नाही. चूक ती चूकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार गेली. दुपारी हैदर जेवायला घरी आला. नसीमाने भाकर वाढली आणि सुईदोऱ्याचा डबा आवरता आवरता हसली.

"अब बोल सकती. कल विमलबाई के परदे सी के दी मैं. मोटर के."

विमलबाई म्हणजे भगवानरावांची बायको. हैदरचा घास हातातच राहिला. "परदे? काय को?"

"कोकिळा को लाने गए ना वो लोगां. बेटा हुआ उसकू, बारा दिन हो गए. नजर लगती बोल के किसी को बताए नहीं. मोटर निकले तक मुँह मत खोल बोली विमलबाई मेरे को."

कोकिळा भगवानरावांची एकुलती लेक. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोन मुलं जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेची गोष्ट विमलबाईंनी भिंतीलाही कळू दिली नव्हती.

"खिडकियां बंद रखेंगे क्या?"

"बंद मतलब? एक फट नहीं रखनी बोली. बाळंतीन को हवा लगी तो? काच के ऊपर दो-दो परदे. सीट के पीछे भी गुदडी लगाने वाली थी."

हैदर उठला. हात न धुताच उठला. नसीमा विचारत राहिली आणि तो स्टँडच्या दिशेने पळाला.

दीडची चिखलीची एसटी निघत होती. तिचा ड्रायव्हर रंगराव त्याच्या ओळखीचा. हैदर पुढच्या काचेजवळ उभा राहिला आणि धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. बंद गाडीत धूर साठला की आधी डोकं दुखतं, गाल लाल होतात, मग झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. तान्ह्या मुलाला तर वेळही लागत नाही.

"बुलढान्याहून कधी निघाले असतीन?" रंगरावाने विचारलं.

"काय मालूम. लई पुढं आले नसले म्हंजे बरं."

रंगरावाने वाटेतल्या एका थांब्यावर गाडी थांबवलीच नाही. तिथे उतरणारा एक म्हातारा शिव्या देत होता, पण हैदरला काही ऐकू येत नव्हतं. समोरून ट्रक आला, दोन बैलगाड्या आल्या, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप आली. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आता दिसेल. मग वाटे, ती इथे थांबलेली दिसू नये. थांबलेली दिसली तर त्याचा अर्थ काय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

देऊळगाव महीच्या अलीकडे राखी रंगाची मोटार दिसली. रंगरावाने हॉर्न दाबून धरला आणि एसटी सरळ रस्त्यात आडवी घातली.

इंद्रभानने ब्रेक मारला. त्याच्या बाजूची काच विडीसाठी चार बोटं खाली होती. शेजारी भगवानराव कपाळ दाबत बसले होते. "काय झालं बे?" ते म्हणाले, पण शब्द जड येत होते.

हैदरने मागचं दार उघडलं. पडदा, त्याच्या आत पडदा, आणि आत विमलबाई मान टाकून बसलेल्या. त्यांच्या मांडीवर कोकिळाचं डोकं, कानाला घट्ट फडकं. मूल दुलईत गुंडाळलेलं. कोकिळाचे गाल लाल झाले होते.

"झोपू दे तिले," विमलबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पाह्य कशी लाल झाली. रगत भरलं पोरीले. पडदा सोड, वारं लागंल."

हैदर एक क्षण अडखळला. परक्या घरची बाळंतीण, बारा दिवसांची, आणि भर रस्त्यात तिला हात लावायचा. "मालक, पोरीले बाहेर काढा," तो म्हणाला. भगवानराव त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्याने वाट पाहिली नाही. मूल उचललं, पडदा फाडला आणि बांधावरच्या बाभळीकडे धावत गेला. मागे विमलबाईंच्या शिव्या सुरू झाल्या. त्या ऐकून त्याला बरं वाटलं, निदान एक माणूस तरी जागं होतं.

रंगराव आणि इंद्रभानने कोकिळाला बाहेर आणून जमिनीवर निजवलं. मार्गशीर्षातला गार वारा सुटला होता. हैदरने दुलई सोडली. मूल गरम होतं, पण लुळं पडलं होतं, हात सोडला की हात खाली पडत होता. त्याने तळपाय चोळले, छाती चोळली, तोंडावर फुंकर घातली. एसटीतली माणसं उतरून गोल उभी राहिली.

"सरका, हवा येऊ द्या," हैदर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

आधी कोकिळा ओकली. तिने डोळे उघडले आणि बाजूला चाचपलं. तिथे मूल नव्हतं. "माहं लेकरू?" तिने विचारलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग हैदरच्या हातातल्या मुलाने तोंड वाकडं केलं, एक आचका दिला आणि रडायला लागलं. ते रडणं वाढत वाढत चांगलं खणखणीत झालं.

विमलबाईंनी मूल त्याच्या हातून ओढून घेतलं आणि तिथेच मटकन बसल्या.

"देवासारका आलास, मिस्त्री," भगवानराव म्हणाले. त्यांनी हैदरचे हात धरले. माणसंही तेच म्हणू लागली. हैदरने गप्प राहायचं ठरवलं असतं तर त्याचं नाव जिल्ह्यात झालं असतं.

"देव कायचा, मालक. म्याच केलं हे," तो म्हणाला. "नळी आखूड हाय हे मले ठाव होतं. तुम्हाले आवाज नको होता, मलेही नको होता. न् धुराचा वास मले येत नाही. पाच सालं झाली, नाक गेलं माहं. कोनाले सांगितलं नाही."

भगवानरावांनी हात सोडले. आपण कोण कोण बसणार ते खोटं सांगितलं, हेही त्यांना त्या वेळी आठवलं असेल. लेकीला आणि नातवाला घेऊन ते चिखलीकडून आलेल्या एसटीने घरी गेले. मोटार इंद्रभानने सगळ्या काचा खाली करून नेली.

त्यानंतर ती मोटार हैदरकडे आली नाही, जालन्याला जाऊ लागली. आठ दिवसांत साऱ्या बाजारपेठेला कळलं की मिस्त्रीला वास येत नाही. मग दोन ट्रकवालेही दुसरीकडे गेले. नवव्या दिवशी दुसरबीडचा एक जीपवाला आला, त्याला गावातलं काही माहीत नव्हतं. कार्बोरेटर साफ करून द्या म्हणाला.

काम झाल्यावर हैदर घरी गेला आणि नसीमाला घेऊन आला. डोक्यावर पदर घट्ट ओढून ती भर बाजारात लोकांच्या नजरा झेलत आली आणि जीपच्या मागच्या बाकावर बसली. हैदरने इंजिन चालू केलं, ताडपत्रीचे पडदे चारही बाजूंनी सोडून बांधले.

"ह्या बाई काऊन बसल्या?" जीपवाल्याने विचारलं.

"मले वास येत नाही," हैदर म्हणाला. "तिले येते."

मग तोही आत जाऊन तिच्यासमोर बसला आणि पाच मिनिटं तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.