मानाची थप्पड

खामकर सर आम्हाला कधीच मारत नाहीत. पालकसभेत ते दोन्ही तळहात वर करून दाखवतात आणि म्हणतात, "मुलांना हात लावायचा नाही असा कायदा आहे. मी कायद्यात राहणारा माणूस." पालक माना डोलावतात. काहींचे चेहरे मात्र पडतात. काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये दिवसभर खोकी उचलून आलेल्या माणसाला वाटत असतं, पोरगं शाळेत घातलंय तर निदान मार तरी तिथेच उरकेल.

तो उरकतो. मारायचं काम सरांनी आम्हा मुलांमध्ये वाटून दिलंय, एवढंच.

आमच्या चौथी 'ब' ची पद्धत अशी. सर प्रश्न विचारतात. ज्याला येत नाही तो उभा राहतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. ज्याला येतं तो उत्तर सांगतो आणि उभ्या असलेल्या सगळ्यांना एकेक थप्पड मारून जागेवर येतो. सर याला 'मान' म्हणतात. "दिव्या, घे तुझा मान," असं सर म्हणाले की मी फ्रॉक झटकून उठते. पाढे, राजधान्या, नद्या, विरुद्धार्थी शब्द, सगळं मला येतं. त्यामुळे या वर्षी वर्गातल्या जवळपास प्रत्येक गालाला माझा हात लागलाय. कोणाकडे किती थकलंय हे मी कुठे लिहीत नाही, डोक्यात ठेवते. सुरुचीने माझं खोडरबर लपवलं, तेव्हा तिला मी शनिवारवाडा कुठे आहे या प्रश्नावर गाठलं. यतीन मला 'चष्मीस' म्हणाला होता. त्याचा हिशोब बेडकाच्या पायांवर चुकता झाला. खरं तर त्याला बेडकाला पाय किती हे येत होतं. पण मला उठताना बघून तो घाबरला आणि सहा म्हणाला.

थप्पड कशी मारायची याचंही एक शिक्षण असतं. हात सपाट ठेवला तर आवाज कमी आणि आग जास्त. हाताचा खोलगा केला, जसा पाणी प्यायला करतो तसा, तर आवाज एकदम फटाक्यासारखा आणि गालाला जवळजवळ काहीच नाही. खोलगा मी फक्त एकाच मुलासाठी वापरायची. सार्थकसाठी.

सार्थक आमच्याच मजल्यावर राहतो, भिंतीला भिंत. त्याचे पप्पा टेम्पो चालवतात आणि त्यांचं डोकंही टेम्पोसारखंच, चढाला गरम होतं. गणपतीच्या आधी एका रविवारी पप्पा मॅच बघत होते आणि सार्थक टीव्हीसमोरून हलत नव्हता. भिंतीपलीकडून आम्हाला आवाज आला. माझ्या आईने भाजी चिरायची थांबवली, जरा वेळ ऐकलं, आणि पुन्हा चिरायला लागली. समोरून उजव्या हाताने मारलं की थप्पड डाव्या गालावर बसते. पप्पांनी मागून मारली होती, म्हणून सार्थकचा उजवा कान गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय, तीन-चार महिन्यांत भरून येईल. पण तोवर त्या कानावर पुन्हा फटका बसला तर ऐकू येणं कायमचं जाईल.

हे मला त्याच्या आईनेच सांगितलं. सुलूकाकू आमच्या दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "दिव्या, तू त्याच्या बेंचवर बसतेस ना गं? जरा बघ त्याच्याकडे. आणि कोणी विचारलं तर कानात पाणी गेलंय म्हणायचं. पप्पांचं नाव काढायचं नाही हां, बाळा."

"सरांना सांगू का?"

"सर पप्पांना बोलावतील. मग?"

मग काय, हे मला पण कळत होतं. सर पप्पांना बोलावणार, पप्पा घरी येणार, आणि कान दोन असतात.

म्हणून सगळा भार माझ्यावर आला. पण सुरुवातीला काम सोपं होतं. सार्थकला पाढे येत नाहीत, नद्या येत नाहीत, काहीच येत नाही. तो रोज उभा राहणार हे ठरलेलं. मात्र आमच्या वर्गात सगळे उजव्या हाताने मारणारे. समोर उभं राहून उजव्या हाताने मारलं की ती डाव्या गालावरच बसते. उजवा कान कापूस घालून आरामात बसलेला. शिवाय मान बहुतेक मलाच मिळायचा, आणि माझा खोलगा होताच. सार्थक डोळे मिटायचा, फट्ट असा आवाज व्हायचा, तो "आई गं" करायचा, सर खूश.

मग दिवाळीनंतर पराग आला.

परागचे बाबा ऑफिसवाले. ते दादरहून मीरा रोडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आले. पराग पहिल्याच दिवशी म्हणाला, "आमच्या जुन्या शाळेत हे सगळं तिसरीत झालंय." आणि ते खोटं नव्हतं. त्याला माझ्याही आधी उत्तरं यायची. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला मान दिला. पराग उठला, यतीनसमोर उभा राहिला आणि हात उचलला.

डावा.

यतीनच्या उजव्या कानशिलात असा आवाज झाला की बाहेर व्हरांड्यात झाडणाऱ्या मावशी आत डोकावल्या. मी सार्थककडे बघितलं. सार्थकने कापसावर हात ठेवला होता.

त्या दिवसापासून मी त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याच्या चांगल्या कानात उत्तरं सांगायला लागले. त्याला उभं राहूच द्यायचं नाही, असा माझा बेत. तो आठवडाभर चालला. मग सरांनी पकडलं. सार्थकला पुढच्या बेंचवर एकटं बसवलं. वर म्हणाले, "दिव्या, तू फार कुजबुजतेस. आणि तुझा हातही मला संशयास्पद वाटतो."

पुढच्याच प्रश्नाला सार्थक उभा राहिला आणि मान माझ्याकडे आला. मी खोलगा केला, फट्ट वाजवलं. सरांनी सार्थकची हनुवटी धरून त्याचा गाल खिडकीकडे वळवला.

"आवाज एवढा मोठा, आणि गाल पांढराच? काय गं, हळदीकुंकू लावतेयस का त्याला?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने यतीन हसला, त्याला सपाट हाताचा अनुभव होता.

"आजपासून उत्तर तू द्यायचं," सर म्हणाले, "मान पराग घेईल."

मधल्या सुट्टीत मी परागला नळाजवळ गाठलं.

"तू उजव्या हाताने मारत जा ना."

"का?"

"असंच. सगळे उजव्यानेच मारतात."

"आजीने मला उजव्याने जेवायला शिकवलं. मारायला नाही शिकवलं," पराग म्हणाला. "डब्यात काय आणलंयस?"

"शेवग्याच्या शेंगा."

"मग नाही जमणार."

"ए, मस्करी नको. सार्थकचा कान खराब आहे. तिकडे लागलं तर तो बहिरा होईल. कायमचा."

पराग थोडा वेळ हात धूत राहिला. आम्ही सगळे त्याला शिष्ट समजत होतो, पण तो तेवढा वाईट नाही. बाहेरून आलेलं मूल आपल्याकडेही कोणी काही मागतंय म्हणून जरा फुगतं, तसा तो फुगला.

"सरांना का नाही सांगत?"

"सांगायचं नाहीये."

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण उद्या बटाटेवडा आण."

मी आणला. आईला पोटात दुखतंय सांगून सकाळी साधा भात खाल्ला आणि माझ्या वाटणीचे दोन्ही वडे डब्यात भरून घेतले.

वडे पोहोचले, आणि दुपारी सतराचा पाढा निघाला. "सतरा साती?" सरांनी पहिल्या बेंचपासूनच सुरुवात केली. सार्थक उभा राहिला. त्याच्यामागे सुरुची उभी राहिली, यतीन उभा राहिला. माझा नंबर आला. एकशे एकोणीस मला झोपेतही येतं. माझ्यानंतर पराग होता. मी विचार केला, मी चुकले तरी मारणार परागच, बरोबर असले तरी परागच. मग उभं राहून स्वतःचा गाल कशाला द्या? सांगितलं उत्तर.

"शाब्बास. पराग, मान."

परागने सुरुवात मागून केली. यतीनला डाव्या हाताने, सुरुचीला डाव्या हाताने. सुरुचीच्या कानातलं डूल उडून खाली पडलं. मग तो सार्थकसमोर आला आणि त्याने उजवा हात उचलला. तो हात बिचारा भात कालवायचा. गालावरून नुसता पुसल्यासारखा गेला.

सर खुर्चीतून उठले.

"पराग. तुझा हात कुठला?"

परागने उजवा हात पाठीमागे नेला.

"दिव्याची लागण तुलाही झाली का? खोटं मारायचं नाही. अभ्यासात खोटेपणा मला चालत नाही. डावा."

परागने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्याने सरांकडे बघितलं. सर पण मान हलवत होते, हो म्हणून. सार्थकने डोळे मिटले आणि कापसावर हात ठेवला.

"हात खाली, सार्थक."

त्याने हात खाली घेतला. परागचा डावा हात वर गेला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आता हे काम नीटच करून टाकू असं ठरवलेल्या माणसासारखे.

मी बेंचवरून कशी गेले ते मला आठवत नाही. परागचा हात खाली यायच्या आत माझ्या तोंडात होता. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग. मी चावले. तो किंचाळला तरी सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझी वेणी ओढली, पाय मारले, मी सोडलं नाही. तोंडात खारट लागलं आणि मग गरम. सुरुची रडायला लागली. सरांनी माझ्या नाकपुड्या दाबल्या तेव्हा श्वासासाठी तोंड उघडावं लागलं. परागच्या हातावर माझ्या दातांचा अर्धा गोल उमटला होता आणि त्यातून रक्त कोपराकडे चाललं होतं.

"मावशी! कापूस आणा! डेटॉल आणा!" सर ओरडले. मग माझं मनगट धरून मला फळ्यासमोर उभं केलं. त्यांचा दुसरा हात वर आला, माझ्या गालापर्यंत आला, आणि मध्येच थांबला. कायदा आठवला असणार. त्यांनी तो हात खिशात घातला.

"सार्थक, इकडे ये."

सार्थक आला.

"आज मान तुझा."

"सर, मला उत्तर नाही आलं."

"नसू दे. जनावरासारखं वागणाऱ्याला कोणीही मारू शकतं. मार हिला."

मला हायसं वाटलं. सगळ्या वर्गात आपला असा एकच जण, आणि नेमका तोच मारायला पुढे आला. मी हळूच त्याला म्हटलं, "खोलगा कर." त्याला खोलगा चांगला ठाऊक होता. वर्षभर त्याने तोच खाल्ला होता.

सार्थकने आपला उजवा हात समोर धरून बघितला. वर्षभरात तो हात कोणावरच पडला नव्हता. त्याने बोटं जोडली. खोलगा झाला. मग त्याने बोटं सरळ केली, एकेक करून, आणि हात पाटीसारखा सपाट झाला.

चष्मा टेबलाखाली गेला. डोळ्यांसमोर पिवळं झालं. सगळ्या वर्गाचा आवाज एकदम दूर गेला, बोगद्यात गेल्यासारखा. मी गालाला हात लावायच्या आत दुसरी बसली. मग तिसरी. सरांनी एकच सांगितली होती. सार्थक मोजत नव्हता. तो दात आवळून मारत होता, आणि मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर त्याला मी दिसतच नव्हते. तिथे यतीन होता, सुरुची होती, पराग होता, मॅच बघणारा माणूस होता. कदाचित मी पण होते. वर्षभर त्याला वाचवत होते, पण वर्षभर रोज त्याच्या गालावर फट्ट वाजवत होते आणि वर्ग हसत होता, ते मी माझ्या हिशोबात कधी धरलंच नव्हतं.

"बस! अरे, बस!" सरांना त्याचा हात धरावा लागला.

सार्थक धापा टाकत उभा होता. कानातला कापूस अजून जागेवर होता. तो आपल्या बेंचवर गेला आणि ताठ बसला. एवढं ताठ बसलेलं मी त्याला कधीच बघितलं नव्हतं.

परागला टाके पडले नाहीत, पण पट्टी पडली. त्याच्या आईने येऊन इंग्लिशमध्ये भांडण केलं. माझ्या आईला बोलावलं. आई सरांसमोर "माफ करा हो, माफ करा" करत राहिली आणि शाळेच्या गेटबाहेर येताच पाठीत धपाटे घालत मला घरापर्यंत नेलं. "चावलीस? कुत्री आहेस का तू? शेजारीपाजारी काय म्हणतील?" का चावलीस, ते काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सुलूकाकूचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून बरंच झालं.

सार्थकचा कान बरा झाला. डॉक्टरांनी टॉर्चने बघितलं आणि भोक भरलंय म्हणाले. कापूस काढला. सुलूकाकू संध्याकाळी आईला सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता.

"कान तर बरा झालाच गं, पण पोरगं पण सुधारलं. सकाळी उठून आपणहून पाढे म्हणतंय. काल तर पप्पांनाच विचारत होता, सतरा आठे किती म्हणून. खामकर सरांची कमाल आहे बाई. हात न लावता मुलांना वळण लावतात."

"हो ना," आई म्हणाली.

मी दप्तर घेऊन जिन्यात जाऊन बसले. जरा वेळाने सार्थक पण आला आणि एक पायरी सोडून बसला. तो पाय हलवत होता आणि ओठात काहीतरी पुटपुटत होता.

"सोळा नवे?" मी विचारलं.

"एकशे चव्वेचाळीस," तो लगेच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. आधी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग गालाकडे.

"आता तू सांग. सतरा नवे?"

"एकशे त्रेपन्न," मी म्हणाले. त्याचा प्रश्न संपायच्या आत म्हणाले.