दिपाची चूक

रोहिणीने खडूचं टोक मोडलं, फळ्यावर (३ + ४)² लिहिलं आणि मागच्या बाकाकडे न बघता विचारलं,

"याचं उत्तर कोण सांगेल?"

मागच्या बाकावर परीक्षक दयाराम सर तिचं पाठाचं टाचण मांडीवर घेऊन बसले होते. टाचणाच्या डाव्या रकान्यात शिक्षकाने काय बोलायचं, उजव्या रकान्यात मुलांनी काय उत्तर द्यायचं. सर वर्गातलं ऐकत नसत. टाचण वाचत आणि बरोबरच्या खुणा करत.

बी.एड.ची ही पाठपरीक्षा तिसऱ्यांदा. जासईच्या शाळेत अकरा वर्षं ती तासिका तत्त्वावर गणित शिकवत होती. जूनपर्यंत पदवी आली नाही तर येऊ नका, असं मुख्याध्यापकांनी चहा पाजून सांगितलं होतं. पहिल्या वेळी भिंतीवरचा तक्ता पडला आणि ती नापास झाली. दुसऱ्या वेळी सगळ्या मुलांनी बरोबर उत्तरं दिली आणि शेरा आला: 'चुकांची दुरुस्ती दिसली नाही. नापास.'

म्हणून यंदा तिने चुकीची आधीच सोय केली होती. परीक्षेसाठी मिळालेल्या पनवेलच्या या वर्गात सरावाचे पाचही दिवस दिपा न चुकता चुकली होती. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, झाले पंचवीस. वीटभट्टीवरची पोर, तिला पढवावंही लागलं नाही. टाचणात तसं लिहिलंच होतं: दिपा, २५. दुरुस्ती. मग रिया, ४९.

"दिपा, तू सांग."

"एकोणपन्नास."

रोहिणीने फळ्याकडे वळून कंस पुन्हा गिरवला.

"नीट बघ गं."

"बघितलं, बाई. सकाळी इटाच मांडल्या. सात आडव्या, सात उभ्या. एकोणपन्नासच हाय." दिपा हसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

दयाराम सरांचं पेन टाचणातल्या 'चूक' या शब्दावर टेकून वाट बघत होतं. रोहिणीला ते पेन दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे जून.

"चूक," ती म्हणाली. "खाली बस. रिया?"

"एकोणपन्नास, बाई."

"शाब्बास!"

वर्गात कुणी हसलं नाही. परीक्षेच्या दिवशी हसायचं नाही, हेही तिनेच पढवलं होतं.

घंटा झाल्यावर सरांनी टाचण मिटलं.

"पास आहात. चुकीचं उत्तर फार छान हाताळलंत. झालात आता शिक्षिका."

सर गेले. मुलं वह्या तपासून घ्यायला रांगेत उभी राहिली. दिपा सगळ्यात शेवटी. तिने वही पुढे केली. एकोणपन्नासवर पट्टी धरून काट मारली होती आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पंचवीस.

खाली बाईंच्या सहीपुरती जागा सोडली होती.